इंग्रजीच्या तासाला कथा-कविता खरंच शिकवायच्या, की नुसत्या उरकायच्या?

मार्कंडेयकाठ

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या हायस्कुलांत एक मागणी हमखास येते: दहावीला इंग्रजीचे धडे-कविता फार वेळ खातात, त्यापेक्षा व्याकरण, पत्रलेखन आणि पासिंग पॅकेज (पास होण्यापुरता निवडक अभ्यास) पक्कं करून घ्या. पालक म्हणतात, काही ठिकाणी शिक्षकही म्हणतात. यामागची भीती खोटी नाही. आपल्या बऱ्याच मराठी शाळांत पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. तीन भाषा, तीन लिप्या, आणि इंग्रजी घरात नाही, गल्लीत नाही, बाजारातही नाही. लेखी ८० गुणांत पोरगं अडकलं तर पुढचं सगळंच अडतं.

तरी धडे वगळून इंग्रजी येईल हे मला पटत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातलं वाक्य एकटं असतं. त्याच्या आधी काही घडलेलं नसतं, नंतर काही घडणार नसतं, त्यामुळे गाळलेली जागा भरली की मूल ते वाक्य सोडून देतं. गोष्टीतलं वाक्य कळलं नाही तर पुढचं कळत नाही, म्हणून मूल मागे वळून ते पुन्हा वाचतं. भाषा शिकण्यातलं खरं काम त्या मागे वळण्यात होतं.

मात्र आज धडा जसा 'घेतला' जातो त्यात तेही होत नाही. सारांश मराठीत सांगितला, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर आले, प्रश्नोत्तरं उतरवून घेतली, धडा संपला. इंग्रजी वाक्य कुणी वाचलंच नाही. असा धडा वगळला तर काही बिघडत नाही, हे पालकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

तेव्हा शिकवायचं तर कसं, किती तासांत, आणि कुठे फसतं, यावर जाणत्यांनी लिहावं. सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, तो वाद इथे आणू नये ही विनंती.

उद्यमबाग_४

मी दुसरी बाजू मांडतो. दहावीनंतर आपल्याकडची कितीतरी मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत लागतात. काही गोव्याला हॉटेलात, काही पुण्याला. त्यांना लागणारं इंग्रजी वेगळं आहे: ड्रॉइंगवरच्या टिपा, इन्स्पेक्शन रिपोर्ट, शिफ्टचं लॉगबुक, बँकेचा फॉर्म, मुलाखतीत दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलणं. आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे पाच-सहा तास मिळतात, त्यातले निम्मे कवितेत गेले तर हे शिकवायचं कधी? साहित्याची गोडी मराठीच्या तासाला लागू दे की. तिथे भाषा आपली आहे, मूल थेट अर्थाला भिडतं. इंग्रजी हे आपल्या मुलांसाठी कामाचं हत्यार आहे, तेवढंच चांगलं परजून द्यावं.

रानवाट_खानापूर

उद्यमबाग सर, तुमच्या यादीतलं लॉगबुक बघा. मशीन का थांबलं, आधी काय झालं, मग काय केलं, शेवटी काय बदललं, हे क्रमानं आणि भूतकाळात लिहायचं असतं. म्हणजे ती घडलेल्या गोष्टीची हकिगतच आहे. गोष्ट वाचून 'आधी काय, मग काय, म्हणून काय' असं सात-आठ वाक्यांत मांडायची सवय ज्याला आहे, त्याला लॉगबुक दोन दिवसांत येतं. पत्राचे साचे पाठ केलेल्याला साच्याबाहेरचा बिघाड लिहिता येत नाही.

दुसरी अडचण पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून आणि पहिल्या वर्षाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र एकदम इंग्रजीतून. तिथे मुलं 'ॲक्सलरेशन'ला अडत नाहीत, तो शब्द आठवड्यात सरावाचा होतो. ती अडतात 'अनलेस', 'दो', 'व्हेअरॲज', 'प्रोव्हायडेड दॅट' अशा जोडशब्दांनी बांधलेल्या लांब वाक्यांना. 'अनलेस'मध्ये नकार लपलेला असतो आणि तो हुकला की अटीचा अर्थ उलटा होतो. कारखान्यातल्या सुरक्षेच्या पाटीवरसुद्धा हाच 'अनलेस' असतो. दहावीपर्यंत अशी सलग, गुंतलेली इंग्रजी वाक्यं मुलांना कुठे भेटतात? आपल्या शाळांत तरी फक्त धड्यांत.

उद्यमबाग_४

लांब वाक्यांचं मान्य. मग विज्ञानाचेच चार उतारे इंग्रजीतून वाचून घ्या. त्यासाठी कथाच कशाला?

घटप्रभा

उतारेही घ्यावेत, नक्की घ्यावेत. पण माहितीच्या उताऱ्यात मुलाला विषय आधी ठाऊक असतो, म्हणून ते शब्द ओळखून अंदाजानं उत्तर काढतं आणि वाक्य न वाचताच सुटतं. गोष्टीत शेवट ठाऊक नसतो. शिवाय गोष्टीत माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं. ते ताडायला शब्द, वाक्याचा सूर आणि मागचा प्रसंग हे तिन्ही एकत्र धरावे लागतात. मुलाखतीत समोरचा नेमकं काय विचारतोय हे कळायला लागतं ते हेच.

आता पद्धत. कर्नाटकाच्या दहावीच्या द्वितीय भाषा इंग्रजीच्या पुस्तकात आर. के. नारायण यांची 'अ हिरो' आहे, ती उदाहरणाला घेते. पेपरात वाघाला तोंड दिलेल्या गावातल्या पोराची बातमी येते. ती वाचून शाळकरी स्वामीचे वडील म्हणतात धैर्य मोठं, स्वामी म्हणतो ताकदीशिवाय धैर्य कसलं. मग वडील त्याला आज रात्री ऑफिसच्या खोलीत एकटा झोप म्हणून आव्हान देतात. सहा तासांत ही कथा नीट होते.

पहिला तास. सारांश सांगायचा नाही. फळ्यावर पाचच शब्द, ज्यांच्याशिवाय पहिलं पानच कळणार नाही असे. बाकीचे वाचताना येतील. बाप-लेकाचा वाद पुस्तकं मिटवून शिक्षकानं वाचायचा, दोघांचे आवाज वेगळे काढून. दुसऱ्यांदा पुस्तक उघडून. मग एकच प्रश्न: वादात कोणाचा मुद्दा खरा? हात वर करून मत घ्यायचं. चर्चा मराठीत, चालेल तर कन्नडमध्येही होऊ द्या, पण मत सांगताना पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलंच पाहिजे. ही अट सुटली की तास गप्पांत जातो.

दुसरा तास. ऑफिसात झोपायचं टाळण्यासाठी स्वामी काय काय करतो? मुलांनी पेन्सिलीनं वाक्यं अधोरेखित करायची. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून झोपतो म्हणतो, आई आणि आजीकडे आशेनं बघतो, पांघरूण ओढून घेतो. यातलं तोंडानं काय सांगितलं आणि वागण्यातून काय दिसलं, हे वेगळं करायचं. 'स्वामी घाबरला होता' असं वाक्य न लिहिता लेखकानं भीती दाखवली कशी, हा या तासाचा गाभा. इथे घाई करू नये.

तिसरा तास अंधाऱ्या खोलीचा. वहीत दोन रकाने: खोलीत खरंच काय आहे, आणि स्वामीच्या मनात काय आहे. बाक पहिल्या रकान्यात. कायद्याच्या पुस्तकांमागचे विंचू कुठे टाकायचे यावर वाद होतो, तो होऊ द्यावा, कारण त्या वादात मुलं तोच परिच्छेद तीन-चार वेळा वाचतात. सांगून कधी वाचली नसती.

चौथ्या तासाला व्याकरण, पण ह्याच संवादांवर. आपल्या मुलांची एक ठरलेली चूक बघा. मराठीत आपण 'मी येतो म्हणून त्यानं सांगितलं' असं बोलतो, कन्नडमध्येही 'अंत' लावून मूळ बोलणं तसंच ठेवतात. दोन्ही भाषांत सर्वनाम आणि काळ हलवायची गरज पडत नाही. त्यामुळे इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' असं येतं, आणि येणारा बोलणाराच होऊन बसतो. नियमाचा तक्ता दहा वेळा लिहूनही ही चूक जात नाही. बाप-लेकाच्या वादात मात्र 'आय' म्हणजे कोण, 'यू' म्हणजे कोण हे मुलाला डोळ्यांसमोर दिसत असतं, म्हणून बदल का करायचा ते कळतं. आठ संवाद पुरतात.

पाचवा तास: रात्री घरात शिरलेला चोर स्वामीमुळे पकडला गेला, शाबासकी मिळाली, तरी त्या रात्री स्वामी कुठे झोपला? मग तो शूर होता का? इंग्रजीत पाच वाक्यं, त्यातलं एक पुस्तकातून जसंच्या तसं अवतरणचिन्हांत पुरावा म्हणून. सहाव्या तासाला त्या वह्या परत द्यायच्या. सगळ्या चुका लाल करायच्या नाहीत. वर्गात सर्वांत जास्त झालेल्या दोन चुका फळ्यावर घेऊन मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या.

फसतं कुठे: 'एकेक जण उठून एकेक परिच्छेद वाचा' यात. प्रत्येक मूल आपला परिच्छेद मोजून तेवढाच तयार ठेवतं आणि बाकीचा धडा ऐकतच नाही. जोडीनं हळू वाचन द्या, वर्गात गलका होईल, होऊ दे. आणि 'हू सेड दिस टु हूम'ची उत्तरं आयती लिहून दिली की सगळ्यावर पाणी पडतं.

निपाणी_फाटा

घटप्रभा ताई, पद्धत सुंदर आहे, पण मोठ्या वर्गात निम्म्या मुलांना इंग्रजी ओळ नीट उच्चारताच येत नाही. त्यांनी अधोरेखित काय करायचं? ती नुसती शेजाऱ्याची वही बघून रेघा मारतात.

घटप्रभा

बरोबर प्रश्न. आधी मजकूर किती जड आहे ते मोजा. धड्यातले सलग १०० शब्द घ्या आणि मुलाला अनोळखी शब्दांवर टिंब द्यायला सांगा. वाचनावरच्या अभ्यासांतून साधारण हे दिसतं की मजकूर आधाराविना कळायला ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात पाचच्या वर टिंबं पडली तर ते पान त्या मुलाला एकट्यानं झेपणार नाही. आपल्याकडे वीस-पंचवीसही पडतात. अशा मुलाला पूर्ण धडा देऊ नका. प्रत्येक तासाला सहा-सात ओळींचा एकच तुकडा द्या, कथेचा कणा असलेला. शिक्षक एक वाक्य वाचतो, ती मुलं मागून म्हणतात, मग जोडीत एकमेकांना वाचून दाखवतात. तासाची पहिली दहा मिनिटं यालाच, रोज. तोच तुकडा फोनवर वाचून पालकांच्या गटावर टाकला तर घरी ऐकता येतो.

आणि कच्च्या वाचकांना आधी कविता द्या. ओळ लहान असते, शब्द परत परत येतात, पान लवकर संपतं. कविता अवघड आणि गद्य सोपं ही समजूत या मुलांच्या बाबतीत उलटी ठरते.

कृष्णाकाठ_अथणी

कवितेवरून. पाठांतराचे गुण आहेत म्हणून मुलं कविता घोकतात, पण सगळी अक्षरं सारख्या लांबीची म्हणतात. मराठी आणि कन्नड दोन्हींत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याची जागा देतो. इंग्रजीत जोर एका अक्षरावर पडतो आणि भोवतालची अक्षरं आक्रसतात. हे न कळल्यामुळे मुलाला बातम्यांतलं किंवा फोनवरचं इंग्रजी 'पळत' असल्यासारखं वाटतं. बोलायचं इंग्रजी हवं म्हणणाऱ्यांनी कविता सोडू नये, ती यासाठी.

जेम्स फील्ड्स यांची 'बॅलड ऑफ द टेम्पेस्ट' याला उत्तम. पहिल्या दोन ओळी: 'वी वर क्राउडेड इन द कॅबिन, नॉट अ सोल वुड डेअर टु स्लीप'. प्रत्येक ओळीत चार ठोके. पहिल्या ओळीत 'वी', 'क्राउ', 'इन', 'कॅ'वर, दुसरीत 'नॉट', 'सोल', 'डेअर', 'स्लीप'वर. वर्गात बाकावर ठोका धरायचा, ठोक्यामधली अक्षरं त्यात बसवायची. आपल्या गावांतल्या पोरांचे हात भजनाच्या टाळांना सरावलेले असतात, आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात असतो, त्यामुळे हे पाच मिनिटांत जमतं. 'द', 'अ', 'टु' आपोआप लहान होतात. तेच उच्चारशिक्षण, वेगळा तास लागत नाही. आधी ठोक्यासह ऐकणं, मग म्हणणं, अर्थ दुसऱ्या दिवशी, पाठांतर सर्वांत शेवटी. पाठांतर आधी घेतलं की चुकीची लय बसते आणि मग निघत नाही.

वि. कृ. गोकाकांची 'द साँग ऑफ इंडिया' दोन गटांत म्हणवून घ्यावी. एक गट कवी, दुसरा भारतमाता. कवीला हिमालय, समुद्र, मंदिरं गायची आहेत आणि माता म्हणते, रस्त्यावरचा भिकारी गा, घाण गा, राबणारी माणसं गा. दोन गट समोरासमोर उभे केले की हे भांडण आहे हे ऐकूनच कळतं. एकट्यानं वाचली तर ती देशभक्तीची ओवाळणी होऊन जाते, आणि परीक्षेत 'मातेनं कवीला काय सांगितलं' याला मुलं हिमालय लिहून येतात.

शब्दवेल

मूळ प्रश्नाला हात घालतो. इंग्रजी साहित्य शाळेत आलं ते कशासाठी? १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणानंतर राज्यकर्त्यांना आपल्यासारख्या चवीची माणसं घडवायची होती. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, त्यामुळे तीच शाळापद्धत आपल्याकडे मुरली. आज ग्रामीण भागातल्या मुलीनं शेक्सपिअरचं 'क्वालिटी ऑफ मर्सी' कशासाठी पाठ करायचं? याच शहरात इंदिरा संतांनी कविता लिहिली. तिचा एक शब्द मुलीच्या काळजाला जेवढा लागेल तेवढा हा उतारा लागणार नाही.

मार्कंडेयकाठ

इतिहास बरोबर आहे, आणि मराठी कवितेबद्दलही दुमत नाही. पण आजच्या पुस्तकात गोकाक आहेत, नारायण आहेत, रस्किन बाँड आहेत, डॉ. आंबेडकरांवरचा पाठ आहे. आणि शेक्सपिअर मराठीला परका राहिलाच नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं, देवलांच्या 'झुंझारराव'नं 'ऑथेल्लो' आपल्या रंगभूमीवर उभा केला, विंदांनी 'राजा लिअर' दिला. राज्यकर्त्यांनी ज्या हेतूनं आणलं तो हेतू बाजूला सारून आपल्या लोकांनी ते आपलं करून घेतलं.

आणि तो उतारा मुलीला लागत नाही कारण तो सुविचार म्हणून शिकवला जातो. दया श्रेष्ठ असते, दया पावसासारखी असते, लिहून घ्या. मुळात ते 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातलं कोर्टातलं भाषण आहे. कर्ज फिटलं नाही म्हणून सावकार शायलॉक करारानुसार माणसाच्या अंगाचं मांस मागतोय, आणि पोर्शिया पुरुष वकिलाच्या वेशात उभी आहे. ती म्हणते, तुला दया दाखवलीच पाहिजे. तो विचारतो, कोणत्या सक्तीनं? त्यावरचं तिचं उत्तर म्हणजे ही कविता: दयेला सक्ती नसते. पुस्तकातला उतारा उत्तरापासून सुरू होतो, म्हणून शायलॉकचा प्रश्न शिक्षकानं फळ्यावर लिहायलाच हवा. तो नसेल तर पहिलीच ओळ अधांतरी राहते.

सात-आठ मिनिटांत प्रसंग मराठीत सांगा. मग मुलांना विचारा, पोर्शियाचे मुद्दे किती? देणारा आणि घेणारा दोघांचं भलं, राजाच्या मुकुटापेक्षा दया मोठी, देवाचा गुण, आणि न्यायाला दयेची जोड. वकील म्हणून यातला सर्वांत बळकट कोणता? आणि शायलॉकला हे पटायला हवं होतं का, ज्याला त्याच्या धर्मावरून ह्याच लोकांनी हिणवलंय? आठवीपासून भाषणस्पर्धेला पाठवली जाणारी आपली मुलं या प्रश्नावर गप्प बसत नाहीत.

शब्दवेल

असं शिकवणार असाल तर माझी हरकत उरत नाही. एक भर: हाच उतारा झाल्याच्या आठवड्यात मराठीच्या शिक्षकांनी वारकरी संतांचा करुणेवरचा एखादा अभंग घ्यावा. एक वाद घालतं, दुसरा आर्जव करतो. दोन विषयांचे शिक्षक स्टाफरूममध्ये पाच मिनिटं बोलले तर हे जमतं, आणि तिसऱ्या बाजूला कन्नडच्या शिक्षकांनी कन्नड भक्तिकाव्यातलं एक वचन शिकवायला घेतलं तर आपल्या सीमाभागातच होऊ शकेल असा वर्ग होतो.

उद्यमबाग_४

पटतंय. तरी परीक्षेचं काय ते सांगा. पालक निकाल बघतात.

घटप्रभा

प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन प्रश्न, पत्र, चित्रवर्णन, न पाहिलेला परिच्छेद, गोष्ट फुलवणं हे सगळं असतं. वर सांगितलेले पाचव्या तासाचे परिच्छेद ज्यानं लिहिलेत त्याला यातलं बहुतेक वेगळं शिकवावं लागत नाही. काठावरच्या मुलांना पासिंग पॅकेज द्या, त्याला विरोध नाही, पण जानेवारीनंतर. जूनमध्ये दिलं तर मूल वर्षभर तेवढंच धरून बसतं.

वेळेचा हिशोब असा ठेवा: दसऱ्याच्या सुट्टीआधी चार धडे आणि चार कविता संथपणे, वर सांगितलं तसं. सुट्टीनंतर उरलेले धडे जरा वेगानं, कारण तोवर मुलांना पद्धत कळलेली असते. डिसेंबरअखेर पुस्तक पुरं, मग प्रिपरेटरी परीक्षांचा सराव. पूरक वाचनाचे पाठ मुलांना घरी वाचायला द्या, वर्गात फक्त एक तास चर्चा.

अंतर्गत २० गुणांसाठी प्रोजेक्टच्या नावाखाली कवीचा फोटो चिकटवलेले रंगीत कागद घेणं थांबवा. त्याऐवजी एफएला (वर्षभरातल्या आकारिक मूल्यमापनाला) हे द्या: रस्किन बाँडच्या कवितेतली आजी झाडावर घर बांधून मागते. घरच्यांच्या बाजूनं नकाराचं आणि आजीच्या बाजूनं हट्टाचं, अशी दोन छोटी पत्रं, प्रत्येकी आठ ओळी. पत्रलेखनाचा नमुना पक्का होतो आणि कविता पुन्हा वाचावीच लागते. गुण देताना चार भाग: आशय, पुराव्याची ओळ, वाक्यरचना, मांडणी. शुद्धलेखनाचे वेगळे गुण कापू नका, चुकीखाली नुसती रेघ मारा.

निपाणी_फाटा

त्या कवितेत शेवटी आजी 'शेरी' पिते. मुलं सरबत समजतात. सांगायचं का नाही?

घटप्रभा

सरळ सांगायचं, द्राक्षाची दारू आहे म्हणून. सरबत म्हटलं की आजीचा सगळा खट्याळपणा जातो, आणि डॉक्टरनं अंथरुणात पडून राहा सांगितलेली बाई ही असं का करते, हा प्रश्नच मुलांना पडत नाही. तास घ्याल तेव्हा हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.